डोंगरातला दुसरा फालसा

प्रिय इरा, प्रिय निहार,

जुलैमध्ये तुम्ही कॅनडातल्या त्या तळ्याकाठच्या लाकडी घरात राहायला गेला होतात, तेव्हा इराने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. लालभडक फळांचा घोस, मागे अंधूक हिरवं काहीतरी आणि कोपऱ्यात निहारचा अंगठा. खाली प्रश्न होता, "आजी, वाइल्ड रेड करंट. कॅन वी ईट इट?" मी लिहिलं, खाऊ नका, आधी पानं आणि फांदी दाखवा. इराचं उत्तर आलं, "बट द अ‍ॅप सेज करंट!" मी लिहिलं, अ‍ॅपला पोट नसतं.

ते करंट नव्हतं. कसं कळलं ते पुढे सांगते. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आजी 'ऑफिसमध्ये प्लँट्सचं काहीतरी' करायची, यापलीकडे तुम्हाला माझ्या कामाची काही कल्पना नाही. येत्या मार्चमध्ये आजोबा आणि मी दुबईच्या देऱ्यातलं हे घर आवरून कायमचे साताऱ्याला जातो आहोत. आवराआवरीत माझी जुनी खोकी निघाली. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक लेखासाठी मागे लागलेच होते. त्यांना म्हटलं, मी नातवंडांना पत्र लिहिते आहे, तेच छापा. तुमची आई तुम्हाला ते वाचून दाखवेल. वाचताना मध्येच थांबून स्वतःची भर घालू नये, अशी तिला सूचना.

आधी करंटचं बघू. या एका नावाखाली किती गोष्टी खपतात, हे मला इथल्याच एका बेकरीत कळलं. पाटकर नावाचे आमचे एक स्नेही केक-बिस्किटांचा धंदा करायचे. एका डिसेंबरात त्यांनी मला फोन केला. "वहिनी, मसाल्याच्या बाजारातून दोन पोती करंट आणलेत. एकदम फर्स्ट क्लास, लालचुटूक. पण केक आंबट होतोय हो! गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय."

मी जाऊन बघितलं. तो इराणी झरिश्क होता. पुलावावर घालतात, आपल्या दारुहळदीच्या कुळातला. केकात जे काळे सुरकुतलेले करंट पडतात, ती बिनबियांची बारीक द्राक्षं, म्हणजे बेदाण्याची धाकटी भावंडं. आणि आइस्क्रीमवाल्यांचा ब्लॅककरंट तिसराच. तो थंड देशातल्या झुडपावर येतो, तुमच्या कॅनडात रानोमाळ उगवतो.

"म्हणजे तिघांचं आडनाव एक, पण गाव वेगळं," पाटकर म्हणाले.

"आडनावही चोरलेलं आहे," मी म्हटलं.

तर तुमच्याकडचं खरं करंट ओळखायची रीत अशी. फळाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पानं फांदीवर कशी बसली आहेत ते पाहायचं. करंटची पानं एकाआड एक येतात, एक डावीकडे, जरा वर दुसरं उजवीकडे. इराने पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत पानांच्या जोड्या होत्या, समोरासमोर, नमस्कार केल्यासारख्या. तिथेच निकाल लागला. पान मेपलसारखं कातरलेलं दोघांचंही असतं, म्हणून अ‍ॅप फसलं. तुमचं ते झुडूप वेगळ्याच घराण्यातलं होतं, आणि त्याची कच्ची फळं मूठभर खाल्ली असतीत तर तुमच्या आईला रात्रभर बादली धरून बसावं लागलं असतं.

मग फळांचा घोस. करंटची फळं एका देठावर माळेसारखी ओळीने लोंबतात आणि प्रत्येकाच्या टोकाला सुकलेल्या फुलाची शेंडी चिकटून राहते. फांदीला काटे असून फळं एकेकटी, दुकटी असतील तर ती बहुधा गूसबेरी. काटे आहेत आणि माळही आहे, असाही एक घोटाळेबाज भाऊ आहे, दलदलीत राहतो. शेवटी पान उलटं करायचं आणि चुरगळून वास घ्यायचा. काळ्या करंटच्या पानाखाली बारीक पिवळे ठिपके असतात आणि उग्र वास येतो. लाल करंटला सहसा वास नसतो.

पान उलटं करायची सवय माझ्या बोटांतच बसली आहे. आजोबा सगळ्यांना सांगतात, "हिला हॉटेलात नेऊ नका. कोशिंबिरीतलं पान उलटून बघते आणि वेटर घाबरतो."

आता माझी नोकरी. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकले आणि लग्न होऊन इकडे आले. आजोबा जबल अली बंदरावरच्या गोदामांत होते. वाळवंटात वनस्पतिशास्त्र म्हणजे समुद्रात सायकल, असं माझे मामा म्हणाले होते. पण इथे रस्ता, धरण, वसाहत, काहीही बांधायचं झालं की आधी त्या जमिनीवर काय काय उगवलंय याची यादी लागते. ती यादी करून देणारी एक लहानशी कंपनी होती. तिथे मी आधी टेक्निशियन म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले.

काम सांगायला सोपं आहे. रानात चालायचं, जे दिसेल ते लिहायचं. ज्याची खात्री नाही त्याची फांदी तोडून वर्तमानपत्रात पसरायची आणि दोन फळ्यांमध्ये पट्ट्याने आवळून वाळवायची. पुण्यात पावसाळ्यात त्यावर बुरशी यायची, इथे गाडीच्या डिकीत दोन दिवसांत पापड. वाळली की जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. कुठे मिळाली, कधी, नाव काय, नाव कोणी ठरवलं. या चिठ्ठीचा एक नियम आहे, तो लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. नाव चुकलं असं नंतर कळलं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, त्यावर योग्य नाव आणि सही. चुकणाऱ्याची सहीही कागद असेतो तिथेच राहते.

दुसरा नियम मला शिकवला माझ्या साहेब फियोना मॅडमनी. त्या स्कॉटलंडच्या, उन्हाने टोमॅटोसारख्या लाल व्हायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "फूल नाही, फळ नाही, तर नाव नाही. अननोन लिहायचं. त्यात लाज नाही." यादीत अननोन असलं की तेवढा तुकडा फुलोऱ्याचा हंगाम येईपर्यंत कोणी खणू शकत नसे. म्हणजे ठेकेदाराला तो शब्द म्हणजे शिवी.

सगळंच काम एवढं गंभीर नव्हतं. मराठी मंडळींत माझी ख्याती पसरली आणि कोणाची सासू भारतातून आली की माझा फोन वाजू लागला. एक बाई दुबई मरीनात लेकाकडे आल्या होत्या. फिरायच्या रस्त्यालगत गुबगुबीत पानांची भाजी पसरलेली दिसली, म्हणून पिशवीभर खुडून आणली. सून फोनवर रडवेली. "ताई, आई म्हणतात घोळाची भाजी आहे, फुकट मिळते, डाळ घालून करते. यल्ला, तुम्हीच सांगा त्यांना!" मागून सासूबाईंचा आवाज आला, "आगं, आमच्या परसात उगवते, मला शिकवतेस?" मी त्यांना फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, काकू, घोळाला पिवळं फूल, याला गुलाबी. तशी ही पण खातात. फक्त इथल्या बागांना पाणी कसलं घालतात, ते विचारा. त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सांडपाणी. पिशवी कचऱ्यात गेल्याचा आवाज मला इथवर आला.

आता ती गोष्ट, जी मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, फुजैराच्या बाजूच्या डोंगरात एका खोऱ्याची यादी करायला मी गेले. खोऱ्यातून एक रस्ता व्हायचा होता. बरोबर आमचा ड्रायव्हर गुल खान. पेशावरचा, पंचवीस वर्षं याच डोंगरात गाड्या चालवलेला, अरबी अस्खलित. माझ्याशी हिंदी बोलायचा आणि माझ्या अरबीला हसायचा. खोऱ्याच्या तोंडाशी उम्म सालेम नावाच्या आजीबाईंचं घर होतं. चेहऱ्यावर बुरखा, हातात काठी, मागे तीसेक शेळ्या. त्यांनी आम्हाला खजूर आणि कॉफी दिली आणि मग दिवसभर आमच्या मागे फिरल्या. शहरातली बाई झाडपाल्याची वही लिहिते, हे बघायला.

त्या खोऱ्यात फालसा होता. आपण उन्हाळ्यात ज्याचं सरबत पितो, त्याचे रानटी भाऊबंद. इंग्रज मंडळी त्यालाही कधी वाइल्ड करंट म्हणून मोकळी होतात. तिथे दोन जाती असू शकतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. एक साधी, सगळीकडे दिसणारी, बोटाच्या पेराएवढ्या पानांची. दुसरी मोठ्या, गोल, लवदार पानांची, पण त्या खोऱ्यात ती कोणी नोंदवलेली नव्हती. साध्याची पुष्कळ झुडपं मिळाली. मग नदीच्या कोरड्या पात्रात, एका कातळाच्या आडोशाला, आणखी पाच दिसली. गुडघ्याएवढी, खुरटलेली, पानं बारीक. फूल नाही. फळही दिसलं नाही. मी एक फांदी तोडली.

उम्म सालेम काठी आपटून काहीतरी बोलू लागल्या.

"मॅडम," गुल खान म्हणाला, "अम्मा बोलती है, ये वो नहीं है. ये उसका चचेरा भाई है."

"पत्ता तो वैसाही दिखता है," मी म्हटलं.

त्याने विचारलं. आजीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी इराच्या फोटोकडे पाहिलं.

"बोलती है, इसका फल मीठा है. बकरी इसको छोड़ती नहीं, रोज खाती है, तो पत्ता बड़ा कैसे होगा? बोलती है, मॅडम को बोलो, बकरी से पूछ ले."

आम्ही तिघंही हसलो. मी वहीत ते लिहिलंसुद्धा नाही.

मुलांनो, तुम्हाला माहीत आहे, मला नीटनेटकं लागतं. डबे उंचीप्रमाणे, टॉवेल एका घडीचे. त्या दिवशी घरी येऊन यादी पक्की करताना सत्तेचाळीस ओळी भरलेल्या होत्या आणि एका ओळीपुढे नावाचा रकाना रिकामा होता. कोणाचं दडपण नव्हतं. ठेकेदाराने फोन केला नव्हता, फियोना मॅडम घाई करत नव्हत्या. मला तो रिकामा रकाना बघवेना, एवढंच. पान बारीक आहे, म्हणजे साधा फालसाच, असं मी स्वतःला समजावलं आणि तिथे ते नाव लिहिलं. यादी सुबक दिसू लागली. खाली सही केली.

जानेवारीत रस्त्याचं काम सुरू झालं.

चिठ्ठ्या मी यादीबरोबरच सही करून जाड कागदांवर लावून ठेवल्या होत्या, पण फांद्या चिकटवायचं काम मागे पडत पडत मेमध्ये हाती आलं. मी वर्तमानपत्राची घडी उघडली आणि टेबलावर टप् करून काहीतरी पडलं. वाळलेलं फळ. आतल्या फांद्यांच्या गचपणात लपलेलं असणार, शेळ्यांच्या आणि माझ्या नजरेतून सुटलेलं. साध्या फालशाचं फळ म्हणजे दोन-चार गोळ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या, वर गुळगुळीत. हे जवळजवळ एकसंध गोल होतं आणि भिंगाखाली त्यावर दाट लव. मग मी पान उलटं केलं. लव तिथेही होती. नोव्हेंबरातही असणार.

दुसऱ्या दिवशी गुल खानला म्हटलं, चला. कातळ होता तिथे डांबर होतं.

"खलास," गुल खान हळूच म्हणाला.

मी तो कागद माझ्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. अकरा दिवस. हे तुम्हाला सांगायला हवं. अकरा दिवस मी वेळेवर ऑफिसला गेले, डबा खाल्ला आणि कोणाला काही बोलले नाही. चिठ्ठीवर फक्त माझी सही होती. फळ फेकून दिलं असतं, तर जगात कोणाला कळलं नसतं. एकदा मी ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलंही. डब्यात संत्र्याच्या साली होत्या. त्यांच्यावर ते टाकायला माझा हात धजेना.

अकराव्या दिवशी आजोबांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं, "तुझं काय बिनसलंय? आठ दिवस झाले, तू एकही पान उलटं केलं नाहीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाले, "गोदामात माझ्याकडून चुकीचा माल गेला, तर मी तो परत आणू शकतो. तुझा परत येत नाही. पण चूक कळवावी तर आपल्या दोघांनाही लागते."

बाराव्या दिवशी मी नवी चिठ्ठी लिहिली, जुनीच्या शेजारी चिकटवली आणि कागद फियोना मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि फळ भिंगाखाली धरलं.

"तू अननोन का नाही लिहिलंस?"

"रकाना रिकामा दिसत होता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनही एकदा असं झालं होतं. तेव्हापासून तो नियम मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगते." मग ज्यांच्यासाठी यादी केली होती त्यांना पत्र लिहायला घेतलं. कंपनीला ते काम पुन्हा मिळालं नाही. माझी नोकरी राहिली. मला दर महिन्याला पगार घेताना त्याची आठवण व्हायची.

पण मला कळवायचं आणखी एका व्यक्तीला होतं. त्या शुक्रवारी मी आणि गुल खान पुन्हा डोंगरात गेलो. उम्म सालेम ओट्यावर बसल्या होत्या. मी माझ्या मोडक्या अरबीत सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडकले. पुढचं गुल खानने सांगितलं. म्हणजे या बाई चुकल्या, तुम्ही बरोबर होतात, त्या माफी मागायला आल्या आहेत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग काठीने शेळ्यांच्या कुंपणाकडे बोट दाखवलं आणि एकच वाक्य बोलल्या.

गुल खान खो खो हसायला लागला. "मॅडम, अम्मा बोलती है, मैंने तो पहले ही बोला था, बकरी से पूछ ले."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. शेळी ते गोड फळ अख्खं गिळते, आणि रात्री कुंपणात रवंथ करताना कडक बी थुंकून टाकते. वर्षानुवर्षं त्या पाच झुडपांची फळं या कुंपणात येऊन पडत होती. तिथली जमीन म्हणजे वीतभर जाडीचा लेंड्यांचा थर.

आजीबाईंच्या सुनेने पिठाची जुनी चाळणी दिली. मी रुमाल नाकाला बांधला आणि खाली बसले. गुल खान माझ्यासमोर बसला आणि चाळू लागला. "मेरे बच्चे पूछेंगे, अब्बा, दुबई में क्या काम करते हो? बोलूंगा, एक एम.एस्सी. मॅडम के साथ बकरी की मेंगनी छानता हूं." उम्म सालेम ओट्यावरून सूचना देत होत्या, की इकडची नको, ती ताजी आहे, कोपऱ्यातली घ्या. दुपारपर्यंत आमच्याकडे एकोणसाठ बिया जमल्या. काही साध्या फालशाच्या असणार, काही बोरांच्या. उगवल्याशिवाय कळणार नव्हतं.

देऱ्याच्या या बाल्कनीत मी त्या पेरल्या. बिया कडक, म्हणून आधी खरकागदावर घासून कोमट पाण्यात भिजवल्या. तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. तिने नाकाला ओढणी लावून विचारलं, "आई, इट स्मेल्स! हे काय आहे?" मी म्हटलं, माझी चूक आहे. तिला वाटलं मी वासाबद्दल बोलते आहे. मीही तसंच वाटू दिलं.

तेवीस रोपं आली. त्यांतली सात मोठी होऊ लागली तशी त्यांची पानं गोल आणि लवदार निघाली, तळहाताएवढी, कारण बाल्कनीत शेळी नव्हती. त्या पानाला मी पहिल्यांदा हात लावला तो दिवस मला अजून आठवतो. एका ऑगस्टात मी भारतात गेले असताना चार मेली. उरलेल्या तिघांपैकी दोन मी डोंगरात परत नेली. उम्म सालेमनी स्वतः जागा दाखवली, घरामागे, आणि सुनेला सांगून भोवती जाळी घातली. मग काठी माझ्या खांद्यावर टेकवून काहीतरी म्हणाल्या. गुल खानने भाषांतर केलं, "बोलती है, अब नाम लिख ले."

मी लिहिलं. त्यांच्या भाषेतलं नावही लिहिलं, त्यांच्याकडून तीनदा वदवून घेऊन. ते नाव त्या कागदावर तिसऱ्या चिठ्ठीत आहे, आणि 'नाव कोणी ठरवलं' याच्यापुढे उम्म सालेम असं आहे.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या एकाही यादीत सगळे रकाने भरलेले नव्हते. ज्यांच्यासाठी याद्या करायचो ते कुरकुरायचे. नवी मुलं लागली की त्यांना मी तो कागद काढून दाखवायची. बहुतेकांना वाटायचं, ती चुकलेली सही आणखी कोणाची तरी आहे. मग ती खालचं नाव वाचायची.

इरा, तू त्या फोटोनंतर तीन दिवसांनी आणखी एक पाठवलास. ओढ्याकाठचं झुडूप, पानं एकाआड एक, फळं माळेत, टोकाला शेंडी, आणि पान उलटं करून धरलेला निहारचा तोच अंगठा. खाली लिहिलं होतंस, "नॉट शुअर, आजी. सो वी डिडन्ट ईट." ते करंटच होतं. पण मला आनंद झाला तो 'नॉट शुअर' वाचून.

कंपनी आता नाही. फियोना मॅडम त्यांच्या गावी असतात, नाताळला पत्र येतं. गुल खान पेशावरला परतला. उम्म सालेम चार वर्षांपूर्वी गेल्या. माझी खोकी पुढच्या आठवड्यात इथल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात जातील, त्यात तो कागद आहे, तिन्ही चिठ्ठ्यांसह. बाल्कनीतलं झुडूप खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई घेणार आहेत. गेल्या महिन्यात आजोबांना घेऊन मी शेवटचं डोंगरात जाऊन आले. उम्म सालेमच्या सुनेने आम्हाला घरामागे नेलं. दोन्ही झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. जाळीबाहेर आलेल्या फांद्या शेळ्यांनी खाल्ल्या आहेत. आतल्या फांद्यांवर फळं आहेत.